डेंग्यूची नोंदवही: वाढत्या उष्म्यात वसाहतीने वर्षभराचे वेळापत्रक कसे आखावे

पावसाळा रंगात आला, दोन-चार घरांत ताप आला, की धूर फवारणीची मागणी करायची आणि दिवाळीच्या सुमारास ताप ओसरला की विषय मिटवायचा, ही आपल्याकडील बहुतेक गृहनिर्माण संस्थांची आणि वाड्यावस्त्यांची जुनी रीत आहे. डेंग्यूचा हंगाम ठरावीक महिन्यांतच येतो, असे या रीतीमागचे गृहीतक आहे आणि तेच आता डळमळीत झाले आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. हा आकडा लहान दिसतो, परंतु डासासारख्या ज्या किड्याचे आयुष्यच दिवसांत मोजले जाते, त्याच्या आयुष्यातील वेळापत्रक एवढ्या फरकानेही हलते. म्हणून वसाहतीचे वेळापत्रकही पंचांगातील महिन्यांवरून न आखता प्रत्यक्ष तापमान, पाऊस आणि अळ्या यांच्या नोंदींवरून आखावे लागते. ते कसे आखावे, याची ही मांडणी आहे. पन्नास-साठ बिऱ्हाडांची इमारत किंवा तेवढ्याच उंबऱ्यांची वाडी डोळ्यांसमोर ठेवून ती केली आहे. त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे एक वही, एक साधा तापमापक, एक सरळ भिंतीचे भांडे, विजेरी आणि आठवड्यातून दीड-दोन तास देऊ शकतील अशी चार माणसे.

आधी दिवसांचे गणित समजून घ्यावे

हा भाग वगळून थेट कामाला लागू नये, कारण पुढच्या प्रत्येक सूचनेमागे हेच गणित आहे. डेंग्यूच्या रुग्णाचे रक्त शोषलेली डासाची मादी त्याच दिवसापासून रोग पसरवू लागत नाही. विषाणू आधी तिच्या आतड्याच्या पेशींत वाढतो, तेथून शरीरभर पसरतो आणि शेवटी लाळग्रंथींत पोहोचतो. त्यानंतरच तिच्या चाव्यातून तो दुसऱ्या माणसात उतरू शकतो. या मधल्या काळाला आपण विषाणू मुरण्याचा काळ म्हणू. भोवतालचे तापमान २५ अंश असेल तर हा काळ सरासरी १५ दिवसांच्या आसपास असतो, आणि तेच तापमान ३० अंश झाले तर तो साडेसहा दिवसांच्या आसपास येतो.

याचा अर्थ काय होतो, हे एका कल्पित हिशेबाने पाहू. दररोज दहातील एक डास या ना त्या कारणाने मरतो असे धरले, तर विषाणू घेतलेल्या शंभर माद्यांपैकी पंधरा दिवसांनंतर जेमतेम वीस जिवंत राहतात. साडेसहा दिवसांनंतर मात्र पन्नास जिवंत असतात. म्हणजे डासांची संख्या एकानेही न वाढता रोग पसरवू शकणारे डास अडीचपट होतात. उष्म्याने डेंग्यू वाढतो असे म्हणताना आपल्या मनात डासांचे थवे येतात, पण उष्म्याचा खरा परिणाम थव्यात दिसत नाही, तो या कमी झालेल्या दिवसांत असतो. यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. ऊबदार पाण्यात अंड्यापासून डास होण्यास आठवडा ते दहा दिवस पुरतात, आणि रक्त पचवून पुन्हा अंडी घालण्याचे मादीचे चक्रही आखूड होत असल्याने ती अधिक वेळा चावा घेते.

परंतु ‘ऊन जितके जास्त तितका डेंग्यू जास्त’ असाही निष्कर्ष काढू नये. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती या डासामार्फत होणाऱ्या प्रसाराला सुमारे २९ अंशांचे तापमान सर्वांत मानवते आणि ३५ अंशांच्या जवळ गेल्यावर डासच लवकर मरू लागल्याने प्रसार घटतो. हिवतापाचे गणित याहून वेगळे आहे. त्याला सुमारे २५ अंशांचे हवामान अधिक अनुकूल असते. त्यामुळे एखादे गाव तापत गेले तर तेथे हिवताप आणि डेंग्यू सारख्याच प्रमाणात वाढतील असे नाही. विदर्भातील मे महिन्याचे बाहेरचे तापमान डासाला सोसण्यासारखे नसते हे खरे, पण हा डास उन्हात बसत नाही. तो पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटाच्या फटीत, टांगलेल्या कपड्यांत बसतो, आणि ज्या खोलीत कूलर चालू आहे तेथे त्याला गारवा, ओलावा आणि पाणी हे सगळे एकत्र मिळते.

जेथे पूर्वी थंडीमुळे हा मुरण्याचा काळ डासाच्या आयुष्याहून लांब पडत असे, तेथेही आता चित्र बदलत आहे. नेपाळमध्ये डेंग्यूची पहिली नोंद २००४ सालची. २०२२ साली त्याच देशात ५४ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि सुमारे १३०० मीटर उंचीवरील काठमांडू खोरे त्यातून सुटले नाही. वाढती शहरे, प्रवास, साठवलेले पाणी आणि प्लास्टिकचा कचरा यांचा वाटा यात मोठा आहे, आणि सगळे खापर हवामानावर फोडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण थंडीने घातलेले कुंपण विरळ झाले, हेही तितकेच खरे आहे.

वहीत काय लिहावे

वहीच्या डाव्या पानावर हवामान आणि उजव्या पानावर घरोघरच्या तपासणीचे निकाल, अशी विभागणी सोयीची पडते. हवामानासाठी रोज तीन आकडे पुरेत: दिवसाचे कमाल तापमान, रात्रीचे किमान तापमान आणि पाऊस. तापमापक गच्चीत उन्हात टांगू नये. तो तळमजल्याच्या जिन्याखाली किंवा ज्या सावलीच्या जागेत डास बसतात तेथे लावावा, कारण आपल्याला डासाभोवतीचे तापमान हवे आहे. पाऊस मोजण्यासाठी तळ सपाट आणि भिंती सरळ उभ्या असलेले भांडे उघड्यावर ठेवावे व रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी. हवामान खाते चोवीस तासांचा पाऊस याच वेळी मोजून संपवते, त्यामुळे आपले आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. मोजून झाल्यावर भांडे पालथे करण्यास विसरू नये, नाहीतर तेच डासांचे पाळणाघर होईल.

या रोजच्या आकड्यांतून दर रविवारी दोनच निष्कर्ष काढायचे: आठवड्याचे सरासरी तापमान आणि आठवड्याचा एकूण पाऊस. ते कसे वाचावे, याला पुण्यातील अभ्यासाचा मोठा आधार आहे. भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने पुण्यातील डेंग्यूमृत्यू आणि हवामान यांचा संबंध तपासला गेला व तो अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की पावसाळ्यात सरासरी तापमान २७ अंशांच्या वर, हवेतील आर्द्रता ६० ते ७८ टक्क्यांच्या दरम्यान आणि पाऊस मध्यम पण सारखा विखुरलेला असेल, तर पुण्यात डेंग्यू बळावतो. उलट आठवड्याला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला तर अंडी आणि अळ्या वाहून जातात व प्रादुर्भाव घटतो. हरितगृह वायूंचे उत्सर्जन असेच चढे राहिले, तर पुण्यातील डेंग्यूमृत्यू नजीकच्या दोन दशकांत १३ टक्क्यांनी आणि शतकाच्या मध्यापर्यंत २५ ते ४० टक्क्यांनी वाढू शकतात, असा अंदाजही त्याच अभ्यासात आहे. हे आकडे पुण्याचे आहेत. कोकणात आठवड्याला १५० मिलिमीटर पाऊस ही नित्याची गोष्ट आहे आणि मराठवाड्यात ती वर्षातली बातमी ठरते; म्हणून ते जसेच्या तसे उचलू नयेत. आपली वही दोन-तीन वर्षांची झाली, की आपल्या वसाहतीचे आकडे आपल्यालाच दिसू लागतील.

त्यातून एक गोष्ट मात्र सगळीकडे लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याला भीती वाटते ती आषाढातल्या संततधारेची, आणि डासाला मानवतो तो श्रावणातला ऊनपाऊस. एक सर यावी, कुंडीखालची बशी भरावी, मग दोन दिवस ऊन पडून पाणी कोमट व्हावे, ते सुकण्याआधी पुन्हा एक सर यावी, यासारखी सोय डासाला दुसरी नाही. म्हणून सरासरी तापमान २७ अंशांच्या वर आहे आणि आठवडाभरात थोडा थोडा पाऊस चार-पाच दिवस पडला आहे, असा आठवडा वहीत लाल पेन्सिलीने चौकटीत बांधावा. मुसळधार पावसाचा आठवडा निळा करावा, पण निश्चिंत होऊ नये. पावसाने पन्हळ आणि गटार धुतले जाते, छपराखालचे पिंप आणि घरातली फुलदाणी धुतली जात नाही, आणि पाऊस थांबल्यावर ठिकठिकाणी नवे पाणी साचलेले असते. निळ्या आठवड्याच्या शेवटच्या दिवसापासून सातवा दिवस मोजून त्या तारखेवर तपासणी लिहून ठेवावी.

लाल चौकटीपासून रुग्ण दिसेपर्यंत किती दिवस मिळतात, याचाही हिशेब करून ठेवावा. अंड्याचा डास होण्यास आठ-दहा दिवस, विषाणू मुरण्यास आठवडा ते पंधरवडा आणि चावा घेतल्यानंतर माणसाला ताप येण्यास चार ते दहा दिवस, अशी बेरीज केली तर एका फेऱ्याला तीन ते पाच आठवडे लागतात. पहिल्या फेऱ्यात एखादाच रुग्ण असतो; वसाहतीत गलका होतो तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेऱ्यानंतर. म्हणजे रुग्णसंख्या पाहून जागे होणारी वसाहत दोन महिने उशिरा जागी होते.

तपासणी कशी करावी

हा डास नाल्यात आणि गटाराच्या काळ्या पाण्यात वाढत नाही, हे सर्वांत आधी सगळ्या सभासदांना सांगावे लागते, कारण तपासणीला आलेल्या माणसांना ‘आधी बाहेरचा नाला पाहा’ असे सांगून दार लावणारी घरे प्रत्येक ठिकाणी असतात. त्याला स्वच्छ, साठलेले, सावलीतले पाणी लागते, आणि तो जन्मस्थानापासून सहसा शंभर-दोनशे मीटरच्या आतच राहतो. फार तर चारशे मीटर जातो. तेव्हा आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्या किंवा शेजारच्या इमारतीतच जन्मलेला असतो.

तपासणी दोघांनी मिळून करावी: एकाने विजेरी धरून पाहावे, दुसऱ्याने लिहावे. पाण्यावर उजेड टाकला की अळ्या वळवळत तळाकडे जातात. पाणी खोल असेल तर पांढऱ्या तळाच्या वाडग्यात थोडे काढून अर्धा मिनिट स्थिर राहू द्यावे. पृष्ठभागाला शेपटीकडून टेकून डोके खाली लोंबकळणाऱ्या अळ्या एडिस किंवा क्युलेक्स जातीच्या असतात. पृष्ठभागाला समांतर, आडव्या तरंगणाऱ्या अळ्या हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलिसच्या असतात. स्वल्पविरामासारखे वाकडे, अन्न न खाणारे कोश दिसले तर एक-दोन दिवसांत त्यांतून डास उडणार आहेत असे समजून ते भांडे तेथल्या तेथे रिकामे करावे. पाणी गटारात ओतण्यापेक्षा उन्हातल्या कोरड्या मातीवर ओतावे.

कोठे पाहावे, याची यादी प्रत्येक वसाहतीची वेगळी असते, पण काही जागा हमखास चुकतात. फ्रिजच्या मागचा ट्रे, वातानुकूलन यंत्राच्या नळीखाली ठेवलेली बादली, मनी प्लांटची बाटली, तुळशीवृंदावनाची पन्हळ, पक्ष्यांसाठी ठेवलेले पसरट भांडे, बंद सदनिकेच्या बाल्कनीतील कुंड्या, बंद सदनिकेतील संडासाची फ्लश टाकी, लिफ्टचा खड्डा, पाण्याच्या मीटरची चौकट, गच्चीवर टाकलेल्या ताडपत्रीच्या सुरकुत्या, झाकणाला तडा गेलेली टाकी आणि तिच्या ओव्हरफ्लोच्या पाइपचे उघडे तोंड. गणेशोत्सवानंतर कृत्रिम विसर्जन हौदातले पाणी किती दिवस तसेच राहते, हेही पाहावे. शेजारी बांधकाम चालू असेल तर स्लॅबवर क्युरिंगसाठी बांधून ठेवलेले पाणी आणि तळघरातील साचलेले पाणी हे पुऱ्या गल्लीचे दुखणे ठरते. अशा ठिकाणी संस्थेने लेखी पत्र द्यावे व त्याची प्रत महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आरोग्य विभागाला द्यावी, कारण तोंडी सांगून काम होत नाही.

उजव्या पानावर तीन आकडे लिहावेत: किती घरे तपासली, त्यांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या आणि एकूण किती भांड्यांत सापडल्या. साठ घरे तपासून सहा घरांत अळ्या मिळाल्या तर घर निर्देशांक १० टक्के. त्या सहा घरांत मिळून नऊ भांडी दूषित असतील तर शंभर घरांमागे १५ भांडी, म्हणजे ब्रेटो निर्देशांक १५. आरोग्य विभागाचे कर्मचारी हीच भाषा बोलतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना हे आकडे हाताशी असावेत. निर्देशांक अमुकच्या खाली आला म्हणजे धोका संपला, अशी रेषा मात्र आखू नये. आकडा गेल्या आठवड्यापेक्षा चढतो आहे की उतरतो आहे, एवढेच पाहावे. त्यातही तो लाल चौकटीच्या आठवड्यात चढत असेल, तर थांबू नये.

ही सगळी खटपट एका रोगापुरती नाही. चिकुनगुन्या आणि झिका हेही याच डासाचे पाहुणे आहेत. १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली ती सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत. आणि महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावी सापडला. महानगरातच हे रोग होतात ही समजूत असेल, तर ती या दोन नावांनी दूर व्हावी.

कोरडा दिवस: रिकामे करणे पुरत नाही, घासावे लागते

आठवड्यातून एक दिवस घरातील सर्व साठवणीची भांडी रिकामी करून कोरडी ठेवावीत, हे आरोग्य खाते अनेक वर्षे सांगत आले आहे. त्याचे कारण अंड्याचा डास होण्याचे दिवस हेच आहे. पूर्वी गारव्याच्या महिन्यांत एखादा आठवडा चुकला तरी पदरात दोन-तीन दिवस शिल्लक असत. पाणी ऊबदार झाल्यावर ती शिल्लक उरत नाही. म्हणून वार ठरवावा आणि तो बदलू नये. या रविवारी पाहुणे आहेत म्हणून पुढच्या बुधवारी, असे झाले की मध्ये दहा दिवस जातात आणि तेवढ्यात एक पिढी उडून जाते. सरासरी तापमान २८ अंशांच्या पुढे असलेल्या लाल आठवड्यांत पाचव्या दिवशी एकदा धावती पाहणी करावी, अशी माझी शिफारस आहे. नियमांत ती नाही, पण वरील दिवसांचे गणित तेच सांगते.

भांडे नुसते पालथे करून काम भागत नाही. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला ती एकेक करून चिकटवते. ही अंडी वाळली तरी अनेक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी चढले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून पिंप, हौद, रांजण यांच्या आतील भिंती काथ्याच्या ब्रशाने किंवा जाड घासणीने दाबून घासाव्यात, खळखळून धुवाव्यात आणि मग उन्हात वाळवाव्यात.

उन्हाळ्यातील कूलरची गोष्ट येथे सविस्तर सांगितली पाहिजे, कारण विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यात वर्षाचा पहिला डास बहुधा तेथून येतो. कूलरची टाकी रोज वरून भरली जाते, पण तळाशी चार बोटे जुने पाणी कायम असते. ती आठवड्यातून एकदा तळापर्यंत रिकामी करून घासावी. आणि मृगाचा पाऊस पडल्यावर कूलर गच्चीवर किंवा माळ्यावर टाकण्यापूर्वी टाकी घासून, पुसून, वाळवून आणि ताट्यांतील जुने गवत काढून टाकूनच ठेवावा. हे केले नाही, तर यंदाच्या मे महिन्यात घातलेली अंडी पुढच्या मार्चमध्ये पहिल्या बादलीसरशी जागी होऊ शकतात.

पाणीटंचाईच्या गावांना ‘कोरडा दिवस पाळा’ असे कोरडेपणाने सांगणे बरे नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते अशा घरातल्या बाईला ‘पिंप ओतून दे’ म्हणणे तिच्या कष्टांची थट्टा करणे आहे. पाऊस कमी म्हणून तेथे डेंग्यू कमी, असेही नसते, कारण घरोघरी आठवडाभराचे पाणी साठवलेले असते. अशा ठिकाणी पाणी न ओतता डासाला अडवावे. पिंपाच्या तोंडावर घट्ट बसणारे झाकण, ते नसेल तर दुपदरी सुती कापड दोरीने ताणून बांधावे. कापड मध्ये झोळ पडून पाण्याला टेकू देऊ नये. पाण्याची नवी पाळी येण्याच्या आदल्या दिवशी पिंपात सर्वांत कमी पाणी असते. भिंती घासण्याचा मुहूर्त तोच धरावा, त्याला वेगळे पाणी लागत नाही. न पिण्याच्या मोठ्या हौदात गप्पी मासे सोडता येतात आणि ते आरोग्य केंद्रातून मिळू शकतात. पण ते ओढ्यात, नदीत किंवा देवराईतल्या कुंडात सोडू नयेत, कारण तेथील मूळच्या जलचरांना त्यांचा उपद्रव होतो. टेमीफॉससारखे अळीनाशक टाकायचे झाल्यास मात्रा आरोग्य सेवकांनाच ठरवू द्यावी.

पहिला ताप दिसल्यावर

वसाहतीत कोणालाही अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, डोळ्यांच्या मागे दुखणे, अंग मोडून येणे असे झाले, तर निदानाची वाट न पाहता त्या दिवसाची नोंद वहीत करावी; नाव लिहू नये, मजला आणि तारीख पुरे. ताप आल्यापासून पहिल्या पाच दिवसांत रक्तातील एनएस-१ प्रतिजन, म्हणजे विषाणूचेच एक प्रथिन, तपासले जाते; त्यानंतर शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या आयजीएम प्रतिपिंडांची तपासणी उपयोगी ठरते. कोणत्या दिवशी कोणती चाचणी केली हे डॉक्टरांना कळावे म्हणून तापाची पहिली तारीख अचूक सांगता आली पाहिजे. झटपट पट्टीवरच्या चाचणीवर न थांबता प्रयोगशाळेत एलायझा पद्धतीची चाचणी करून घ्यावी.

रुग्णाच्या रक्तात विषाणू ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून आणि नंतर साधारण पाच दिवस भरपूर असतो. या दिवसांत त्याला चावलेला प्रत्येक डास पुढच्या फेऱ्याचे बीज आहे. हा डास दिवसा, विशेषतः सकाळी उजाडल्यावर आणि सूर्यास्तापूर्वी दोन-अडीच तास, चावतो. म्हणून मच्छरदाणी रात्रीपुरती न लावता रुग्णाने दिवसाही तिच्यातच झोपावे. घरातील एकाला ताप आहे म्हणून इतर सगळे मच्छरदाणीत झोपतात आणि रुग्ण मात्र बाहेरच्या खोलीत पंख्याखाली उघडा पडून राहतो, असे चित्र मी अनेक घरांत पाहिले आहे. ते उलटे झाले पाहिजे.

त्याच दिवशी आशा सेविका, आरोग्य सेवक किंवा वॉर्डाच्या आरोग्य कार्यालयाला कळवावे आणि त्या घराभोवतीच्या सर्व घरांची तपासणी चोवीस तासांत उरकावी. ३० अंशांच्या हवेत आपल्या हाती सहा-सात दिवसच आहेत, हे लक्षात घेतले की हा आग्रह का, ते कळेल. धूर फवारणीने उडते डास त्या संध्याकाळपुरते मरतात, आणि साथ भडकलेली असताना तिचा उपयोगही आहे. पण तिने अळ्या मरत नाहीत आणि दारे-खिडक्या बंद करून बसलेल्या घरांतल्या पलंगाखालच्या डासालाही ती पोहोचत नाही. गाडी धूर सोडत निघून गेली की लोकांना काहीतरी झाल्याचे समाधान मिळते आणि त्याच समाधानामुळे पुढच्या रविवारची तपासणी बारगळते, म्हणून मी तिला शेवटचे स्थान देतो.

उपचार डॉक्टरांनीच करायचे. घरच्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तापासाठी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन देऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला म्हणजे संकट टळले असे समजू नये. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरत असतानाच रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव झिरपून प्रकृती ढासळू शकते. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची मरगळ किंवा अस्वस्थता, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. आणि पूर्वी डेंग्यू झाला असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्या प्रकाराची लागण कधी कधी पहिलीपेक्षा गंभीर होते. प्लेटलेटच्या आकड्याकडे सारे घर डोळे लावून बसते, पण रुग्ण पाणी किती पितो आणि लघवी किती करतो याची तासातासाची नोंद डॉक्टरांच्या अधिक कामाची असते.

वही कधी उघडावी, कधी मिटावी

जून ते ऑक्टोबर एवढीच नोंद ठेवण्याचा मोह टाळावा. हवामान बदलाचा परिणाम हंगामाच्या मध्यापेक्षा त्याच्या दोन्ही टोकांना आधी दिसतो: वळवाच्या पावसानंतर मे महिन्यातच सापडणारी अळी आणि परतीचा पाऊस व ऑक्टोबर हीट यांच्या जोडीने नोव्हेंबरात रेंगाळणारे रुग्ण. म्हणून नोंद मार्चच्या पहिल्या आठवड्यात, कूलर खाली उतरतील त्या दिवशी सुरू करावी. रात्रीचे किमान तापमान सलग तीन आठवडे १५ अंशांच्या खाली राहिले आणि त्या काळात एकाही भांड्यात अळी मिळाली नाही, तर साप्ताहिक तपासणी पंधरवड्यावर आणावी. कोकण आणि गोव्यात मात्र हिवाळा असा उतरत नसल्याने ती बाराही महिने चालू ठेवावी लागेल.

जानेवारीत सगळ्या पानांवरून चार तारखा वेगळ्या काढून पहिल्या पानावर लिहाव्यात: वर्षातील पहिली अळी सापडली तो दिवस, पहिली लाल चौकट, पहिला ताप आणि शेवटचा ताप. पुढच्या वर्षाची पहिली तपासणी यंदाच्या पहिल्या अळीच्या तारखेच्या तीन आठवडे आधी ठेवावी, आणि वही संस्थेच्या कपाटात कुलूपबंद न करता जो पुढच्या मार्चमध्ये विजेरी धरणार आहे त्याच्या हाती द्यावी.